गुलाल आधी हरलेल्याच्या दारी

नाशिक, २८ डिसेंबर

दीपमाले,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं होतं, ते खोडलं. मग वाटलं, खोडलेलं तुला दिसेल आणि तू म्हणशील, बघा, हिच्या नाकावरचा राग अजून गेला नाही. म्हणून नवा कागद घेतला. तर समज, नमस्कार पोचला. सप्रेम की नुसताच, ते पत्र वाचून तूच ठरव.

माझा फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर लिहून निळ्या खुणांची वाट बघत बसायचं माझं वय नाही. पत्र मात्र तू वाचशील. नामपूरच्या शाळेत असताना तू भेळीच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नव्हतीस, आणि माणसाच्या असल्या खोडी जात नाहीत.

लिहायचं कारण, तुझी नात आली होती. दार उघडलं तर समोर तू! तीच उंची, तेच कपाळ, फक्त जीन्स घातलेली. म्हणाली, “मी भाग्यश्री. बोरखळीच्या बहिरूनानांची नात. इथं कॉलेजला आहे.” माझ्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. तुमच्या घरचं माणूस आमच्या दारात उभं राहिलं त्याला किती वर्षं झाली, तुला वेगळं सांगायला नको. पोरगी तेव्हा पाळण्यात होती.

म्हणाली, “आजी, मला एका अस्तंगत मतदारसंघाचा इतिहास लिहायचाय.” अस्तंगत! मला वाटलं कुणी वारलं. मग उलगडा झाला की बाई आपल्या मोसमथडीबद्दल बोलतेय. कोणत्या साली कोण उभं होतं, कुणाला किती मतं, कुठली गावं कधी आत आली न् कधी बाहेर गेली, सगळं तिला कोष्टकात हवं होतं. मी म्हटलं, अगं, कोष्टकातला इतिहास सरकारकडे आहे, तो तिथून घे. आपला मतदारसंघ काकडीसारखा लांब होता, वर डोंगर, खाली कांद्याचा बाजार, मधून नदी. वरच्या टोकाला प्रचाराला गेलं की लोक नाचणीची भाकरी वाढायचे, खालच्या टोकाला मिसळ. उमेदवाराचं पोट आधी निवडून यावं लागायचं, मग उमेदवार. हे तिनं लिहून घेतलं, आणि मग तुझ्यासारखंच तोंडावर पदर, नाही, ओढणी धरून हसली.

पुन्हा एक विचारलं तिनं. “मतदारसंघ गेला तेव्हा काय वाटलं?” मी काय सांगणार? फेररचना झाली. वरची गावं डोंगराकडे जोडली, खालची मालेगावकडे, मधली तिसरीकडेच. आमचं आमोणे नदीच्या अलीकडे, तुमची बोरखळी पलीकडे. पूर्वी नदी मतदारसंघातून वाहायची, आता ती दोन मतदारसंघांची हद्द झाली. आमचे आप्पा शेवटचे आमदार. निरोपाच्या सभेला हार घालायला आले ते कार्यकर्ते घरी जाताना तीन वेगवेगळ्या नेत्यांकडे गेले. नावाची पाटी लेकानं, दीपकनं, माळ्यावर टाकली आणि आम्ही नाशिकला त्याच्याकडे राहायला आलो.

पण मुलीला दाखवायचं नव्हतं ते तिनं पाहिलंच, म्हणून तुला लिहितेय. आप्पांचं डोकं आता ठिकाणावर राहत नाही. दोन वर्षं झाली, हळूहळू सुटत चाललंय. आधी नावं गेली, मग रस्ते. आणि आता आमच्या गल्लीत महापालिकेच्या निवडणुकीच्या रिक्षा भोंगे लावून फिरायला लागल्या, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात रोज सकाळी निकाल लागतो. उठतात, टोपी घालतात, चपला पायात सरकवून दाराशी खुर्ची टाकून बसतात. म्हणतात, “आशा, जीप बोलाव. बोरखळीला जायचंय. गुलाल आधी तिथं.”

आणि जेवत नाहीत. तुला कळेल का नाही जेवत ते. निवडून आलेल्यानं पहिला घास हरलेल्याच्या घरी खायचा, तोवर अन्नाला शिवायचं नाही, हा आपल्याकडचा नेम. बाकी सगळं विसरले, हे नाही विसरले. दुधाचा पेला कसाबसा पोटात जातो. डॉक्टर म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नका. वाद कोण घालतंय? मी शेजारच्या ज्योत्स्नाला नऊवारी नेसवून, ताट देऊन उभी केली. म्हटलं, ओवाळ आणि भाकरी दे. आप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं न् मला म्हणाले, “ह्या दीपमालावहिनी नाहीत. ह्यांचं तर मतसुद्धा आपल्याकडे नाही.”

मी हसले गं. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

तर मागणं एवढंच. त्यांना घेऊन येते. तू दार उघड, एकदा ओवाळ, भाकरीचा तुकडा दे. हाडं दिसायला लागलीत माणसाची.

आशा

—

नाशिक, ३ जानेवारी

दीपमाले,

उत्तर नाही. ठीक. पालथ्या घड्यावर पाणी घालायची मला सवय आहे, पाच निवडणुका घातलं.

भाग्यश्री म्हणत होती, “नाना सांगतात तो इतिहास आणि गावात सांगतात तो, दोन्ही वेगळे आहेत.” असणारच. म्हणून मी माझा सांगते. तू वाच, नानांना वाचून दाखव, आणि कुठं खोटं वाटलं तर तसं लिहून पाठव. निदान त्या निमित्तानं तरी तुझं अक्षर दिसेल.

पहिल्या निवडणुकीला आपण दोघी पोरी होतो. परकर सावरत मिरवणुकीमागं पळालो होतो, आठवतं? निवडून आले होते सायकलवर प्रचार करणारे गुरुजी. हरले ते भागीबाईंचे मालक. गुरुजींची माणसं वाजतगाजत निघाली, आणि हरलेल्याच्या घरावरून जाताना मुद्दाम जोरात वाजवायचं असं त्यांनी ठरवलेलं. काठ्या निघायची वेळ. तेवढ्यात भागीबाई ताट घेऊन रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आमदार झालास तो काय त्यांचाच झालास? माझ्या दारावरून असाच जाशील व्हय रे?” गुरुजी मुकाट्यानं वळले. भागीबाईंनी ओवाळलं, आत बसवलं, न् कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. गोड नाही दिलं. म्हणाल्या, “पाच वर्षं ध्यानात राहू दे, कुनाच्या घरी काय खाल्लं ते.”

तेव्हापासून ती रीतच पडली. गुलाल आधी हरलेल्याच्या दारी. बाकी जिल्हाभर निकालाच्या रात्री डोकी फुटायची, आपल्या मोसमथडीत कुणाला ओरखडा उठला नाही. हे कोष्टकात कुठं लिहिशील, विचार नातीला.

पुढं आपल्या दोघींची लग्नं झाली, नदीच्या दोन काठांना, आणि आपले नवरे एकमेकांविरुद्ध उभे राहायला लागले. काय नशीब! नानांकडे मोठ्या पक्षाचं तिकीट, आमचे कायम अपक्ष. कधी शिट्टी, कधी कपबशी, कधी विमान. विमानाच्या वेळी वरच्या पाड्यावरची एक म्हातारी मला म्हणाली, “बाई, तुमचं विमान चांगलं हाय, पर आमच्याकडं येस्टीच येत नाय.” पाच वेळा उभे राहिले, पाच वेळा पडले. पाचही वेळा गुलालानं माखलेले नाना आमच्या ओट्यावर आले. पाचही वेळा मी त्यांना ओवाळलं. पहिल्या खेपेला तर निरांजनच विझलं. पण ठेचा मी दर निवडणुकीला आधीच्यापेक्षा तिखट केला. नानांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी म्हणायचे, “वहिनी, आजून एक भाकर.” तू त्यांच्यामागं उभी राहून मला डोळ्यांनी दटावायचीस. मला त्या रात्री हरल्यासारखं वाटायचंच नाही. जीपमध्ये बसताना तू माझा हात दाबायचीस, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या सासूबाईंचा, धोंडाआईंचा, निरोप यायचा, आशाला पाठवा, पापड लाटायचेत.

आणि मग सहाव्या खेपेला आमचे निवडून आले.

तुला वाटतं त्या दिवशी मला गुलालाची नशा चढली होती? अगं, मला फक्त तुझ्या हातचा ठेचा खायचा होता! म्हटलं, आता ही उट्टं काढणार, मिरच्यांचं पातेलं रिकामं करणार. जीपमधून उतरून मी सगळ्यांच्या पुढं पळत आले. दार लावलेलं. मी कडी वाजवली. “दीपमाले, उघड गं.” तू आत होतीस. दाराच्या फटीतून दिव्याचा उजेड दिसत होता. मागं हलगी वाजतेय, आप्पा हात जोडून उभे, आणि दार उघडेना. पोरं चिडली. कुणीतरी ओरडलं, हरले म्हणून रीत मोडता काय? आणि दारावर गुलाल फेकला. एकानं फेकला, मग दहांनी. मी ओरडत होते, पण हलगीपुढं माझं कोण ऐकणार!

सकाळी कळलं, धोंडाआई गेल्या. आदल्या दुपारीच.

मी केस न विंचरता निघाले. आप्पा अनवाणी. त्या बाईनं मला सासूसारखं नाही, आईसारखं वागवलं होतं. “ये व पोरी, काय करी राहिनी?” असं दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला अजून आवडत नाही. आणि नानांनी आम्हाला फाटकाशी अडवलं. म्हणाले, “आता काय, मढ्यावर गुलाल टाकाया आलात?” आप्पा मान खाली घालून माघारी फिरले. नाना दुःखात होते, मला कळतं. पण तू? तू पडवीत उभी होतीस. तुला ठाऊक होतं मी तशी नाही. तू एक शब्द बोलली नाहीस. धोंडाआईंचं तोंडही मला पाहता आलं नाही, दीपमाले. गुलालाचं दुःख तुमचं, पण हे माझं. ते मी कुणापुढं नेऊ?

बघ, आप्पांसाठी लिहायला बसले न् माझंच उकरून काढलं. काढलं तर काढलं. आज त्यांनी दूधही घेतलं नाही.

आशा

—

नाशिक, ८ जानेवारी

दीपमाले,

भाग्यश्री काल परत आली. मी तिला रागानंच विचारलं, तुझ्या आजीनं माझी पत्रं चुलीत घातली का? तर म्हणाली, “नाही. उशीखाली ठेवलीत. नानांपासून लपवून.” मग म्हणाली, “आजी, दार का लावलं होतं ते तुम्हाला खरंच माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं गं. मी इतकी वर्षं धरून चालले होते की सुतक, म्हणून लावलं. आणि माझा राग त्याच्यावरच होता. सुतक होतं तर दार किलकिलं करून सांगायचं ना, आई गेल्या म्हणून! एका वाक्याचं तर काम. माणसं टोप्या काढून तिथंच बसली असती.

पोरगी म्हणाली, “म्हणूनच नाही सांगितलं.”

तिनं सांगितलं ते मी रात्रभर मनात घोळवतेय. नाना मोजणीवरून अजून यायचे होते. घरात तुम्ही चार बायका आणि धोंडाआई खाली निजवलेल्या. वेशीवर हलगी ऐकू आली. कुणीतरी म्हणालं, जा, सांगून या. तू म्हणालीस, “नको. आशाचा मालक पाच वेळा पडून आज निवडून आलाय. त्याचा पहिला गुलाल मयताच्या दारी? मिरवणूक इथंच मोडंल, वाजंत्री बंद पडंल. जन्मभर त्या घराला अपशकुन डाचंल. दार लावा. रागावतील, पर वाजत गाजत माघारी जातील.” आणि तूच कडी लावलीस. आणि मिरवणूक वेशीबाहेर जाईपर्यंत कुणी रडायचं नाही म्हणून सगळ्यांच्या तोंडात पदराचे बोळे कोंबलेत.

मी कडी वाजवत होते तेव्हा तू पलीकडे तोंडात पदर कोंबून बसली होतीस.

अगं वेडे! काय म्हणू तुला? इतकं शहाणपण कुणी सांगितलं होतं? आमच्या गुलालाला दृष्ट लागू नये म्हणून आपल्या सासूचं मरण दाबून ठेवलंस, आणि तोच गुलाल दारावर झेललास. नाना आले तेव्हा त्यांना तेवढंच दिसलं, आई गेलेली आणि दार लाल. आणि तू त्यांनाही सांगू शकली नाहीस, कारण मग ते म्हणाले असते, आईपेक्षा तुला मैत्रीण मोठी झाली का? खरं ना? पोरगी म्हणाली नाही, पण मी तुला ओळखते.

मला तुझा फार राग आलाय. आणि आत्ता तू समोर असतीस तर तुला मिठी मारून मी इतकी रडले असते की शेजारची ज्योत्स्ना धावत आली असती.

आता नानांना सांग. तुला सांगवत नसेल तर हे पत्र त्यांच्या पुढ्यात ठेव. आप्पा काल खुर्चीतून उठताना पडले. लागलं नाही फार, पण अंगात काही उरलं नाही त्यांच्या. दीपक म्हणतो, नळी घालून अन्न देऊ. मी म्हटलं, आठ दिवस थांब. दीपमाले, मी तुझ्या भरवशावर थांब म्हटलंय.

तुझी
आशा

—

नाशिक, १३ जानेवारी

दीपमाले,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतं हेच मला नवल! आणि अक्षर तस्संच, मुंग्यांची रांग. तीन ओळीच लिहिल्यास, पण मी त्या आप्पांना, दीपकला आणि भाजीवालीलासुद्धा वाचून दाखवल्या.

“नानांना सांगितलं. रात्रभर पडवीत बसून होते. आज म्हनाले, येऊ द्या, पर गुलाल माझ्या उंबऱ्याला लागता कामा नये.”

नाना म्हणजे नानाच. जळलं मेलं ते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही! गुलाल नको म्हणे. अगं, आप्पांच्या लेखी गुलालाशिवाय निकाल म्हणजे मीठ नसलेली भाजी. कपाळ कोरं ठेवून ते जीपमधून उतरणार कसे? मला आधी वाटलं, दोन खडे शब्द लिहावेत. लिहिलेही. मग दारावरचा तो रंग आठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून पाहिला होता, तू पाणी मारून धुतलेलं दार, तरी चौकटीच्या खाचांमध्ये बसलेला. नानांनी तो किती दिवस पाहिला असेल! मी तो कागद फाडला.

गुलाल आणणार नाही. शब्द देते. पुढचं पुढं बघू. संक्रांत होऊ दे, तुझ्याकडे सवाष्णींची वर्दळ असेल. सतरा तारखेला येतो. दीपक गाडी चालवेल. भाग्यश्रीही येते म्हणाली, तिला ‘प्रत्यक्ष निरीक्षण’ करायचंय. करू दे बापडी.

ठेचा मात्र तूच करायचा. आणि बेतानं. त्यांच्या पोटात बरेच दिवस काही नाही.

तुझी
आशा

—

नाशिक, १९ जानेवारी

प्रिय दीपमाला,

तू ताट सोडून आत पळालीस. सगळ्यांना वाटलं भाकरी थापायला. मला माहीत होतं, रडायला. म्हणून तू जे पाहिलं नाहीस ते लिहितेय, कारण नाना तुला सांगणार नाहीत आणि नातीच्या इतिहासात ते ‘निरीक्षण’ म्हणून येईल.

आधी गाडीतलं. निघताना आप्पा अगदी रुबाबात. पांढरी टोपी, जाकीट. मागच्या सीटवर बसून दोन्ही बाजूंना हात करत होते, रस्त्यावरच्या टमाट्याच्या ट्रकांनासुद्धा. सटाणा मागं पडलं तसं त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. बोटं बघितली. म्हणाले, “आशा, गुलाल?” मी म्हटलं, तिथं लावतील. पुन्हा थोड्या वेळानं हात लावला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. नदीवरचा पूल आला तेव्हा अगदी शांतपणे म्हणाले, “मग आपण पडलो वाटतं.”

आयुष्यात एकदाच जिंकलेला माणूस, आणि ती एकच गोष्ट आम्ही त्याच्या कपाळावरून पुसून टाकली. दीपकनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी सांगणार होते, नाही हो, तुम्ही निवडून आलात. पण त्यांनी माझा हात थोपटला न् म्हणाले, “असू दे. ठेचा केलास ना?”

पुढचं तुलाही ठाऊक आहे. तू ताट घेऊन उंबऱ्यात, नाना खांबाला धरून मागं, तोंड असं की आत्ता फाटक लावून घेतील. आणि आप्पा उतरले ते थेट नानांपुढं गेले, दोन्ही हात जोडून म्हणाले, “अभिनंदन नाना! या, या, आत या.” नानांच्याच घरात नानांना बोलावत होते! तुझ्या हातातलं ताट घेतलं न् माझ्या हातात दिलं. “आशा, ओवाळ.” तेव्हा तू आत गेलीस.

मी ओवाळलं गं. सहाव्यांदा. तुझ्या दारात, तुझ्या नवऱ्याला. या खेपेला निरांजन विझलं नाही, पण मला ते दिसतही नव्हतं, डोळे असे भरले होते. नाना काठी टेकून उभे.

मग आप्पा त्यांच्या कपाळाकडं बघून रागावले. खरंच रागावले, जुन्या सभेतल्यासारखे. “हे काय? निवडून आलेल्या माणसाच्या कपाळाला गुलाल नाही? आमोण्यात ही पद्धत नाही! गुलाल आणा!” दीपक माझ्याकडं बघतोय, मी जमिनीकडं. मी शब्द दिला होता, माझ्याकडे चिमूट नव्हती.

नाना वळले. मला वाटलं, संपलं. आत गेले, काठीचा आवाज देवघरापर्यंत गेला आणि परत आला. बाहेर आले तेव्हा हातात देवाच्या गुलालाची डबी होती. ती त्यांनी आप्पांपुढं उघडून धरली आणि मान खाली वाकवली. आप्पांनी कपाळभर लावला. थोडा उंबऱ्यावर सांडला. नानांनी बघितलं आणि तसाच राहू दिला.

आप्पा आत आले न् इकडंतिकडं बघत म्हणाले, “धोंडाआई कुठाय?” नाना म्हणाले, “आत हाय. आत्ताच डोळा लागलाय तिचा.” आप्पांनी लगेच आवाज बारीक केला. जेवण होईपर्यंत दोघं कुजबुजत बोलत होते, दोन म्हातारे, आई जागी होऊ नये म्हणून.

जेवणाचं तू पाहिलंस. बाहेर आलीस तेव्हा आप्पा नानांच्या ताटात ठेचा वाढत होते, खा, निवडून आलाय ना, खा, आणि नाना बोळक्या तोंडानं खात होते, डोळ्यांतून पाणी वाहतंय. ते सगळं मिरचीचं नव्हतं बरं का. आणि पाहुण्याला सोबत म्हणून आप्पांनी एक भाकरी खाल्ली, मग दुसरी मागितली. इतक्या दिवसांनी! तू माझ्याकडं बघितलंस आणि तोंडावर पदर धरलास.

इथं आल्यापासून रोज जेवतात. टोपी खुंटीला आहे. भोंग्याच्या रिक्षाही थांबल्या. भाग्यश्री विचारत होती, शेवटच्या निवडणुकीचा निकाल काय लिहू? मी म्हटलं, सरकारी कागदात आहे तोच लिही. आप्पा निवडून आले. खोटं कशाला लिहायचं? फक्त त्यांना सांगू नकोस.

रविवारी तू ये. नानांनाही आण. माझ्या घराला आता ओटा नाही, लिफ्ट आहे, नाना कुरकुरतील. दीपक घ्यायला येईल.

एक सांगायचं राहिलं. निघताना तू मला घट्ट धरून उभी होतीस, म्हणून तुला ऐकू गेलं नसेल. नाना आप्पांना गाडीत बसवत होते. नानांच्या कपाळाला तो गुलाल. टोपी आप्पांच्या डोक्यावर नीट बसवून म्हणाले, “आप्पा, पुढच्या खेपेला तुम्हीच.”

आप्पा हसले. म्हणाले, “बघू की! मतदारसंघ कुठं पळून चाललाय?”

भाग्यश्रीनं मान खाली घातली. नानांनी गाडीचं दार हळूच लावलं आणि काचेतून आत वाकून म्हणाले, “नाय आप्पा. हाय तिथंच हाय.”

तुझीच
आशा